पाणी बाहेर ठेवणारं भांडं

राहुरीच्या तांबट आळीत एके काळी शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. उन्हं ओट्यावर आली की ठोके सुरू व्हायचे आणि दिवेलागणीपर्यंत आळी वाजत राहायची. घागरीचा ठोका वेगळा, बंबाचा वेगळा, घंगाळाचा त्याहून वेगळा. सवयीचा माणूस डोळे मिटून आळीतून गेला तरी कुणाच्या घरी काय घडतंय ते सांगू शकायचा. मग बाजारात जर्मनची भांडी आली. ॲल्युमिनियमला तेव्हा आपल्याकडं सगळे जर्मनच म्हणत. हलकं, स्वस्त, चुलीवर पटकन तापणारं, त्याला कल्हई नको की चिंच लावून घासणं नको. एकेक करून आळीतले ठोके बंद पडले. कुणी साखर कारखान्यात लागला, कुणी त्याच ओट्यावर जर्मनची पातेली मांडून बसला. एकाहत्तर साल उजाडलं तेव्हा आळीत एकट्या रंगनाथ तांबटाचा हातोडा वाजत होता.

रंगनाथ पन्नाशी ओलांडलेला, बुटका, रुंद माणूस. उजवा खांदा डाव्याहून जाड. जन्मभराच्या ठोक्यांनी एक कान पुरता गेलेला, दुसरा अर्धा उरलेला, त्यामुळं तो बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघत ऐके आणि स्वतः मोठ्यानं बोले. भांडं पुरं झालं की तो ते काठोकाठ पाण्यानं भरी, चाळलेल्या कोरड्या राखेच्या थरावर ठेवी आणि जेवायला जाई. जेवून आला की भांडं उचलून राख बघायची. राखेवर मोहरीएवढा ओला ठिपका दिसला तरी ते भांडं गिऱ्हाइकाकडं जात नसे. पुन्हा भट्टी, पुन्हा ऐरण. रंगनाथकडं जमीन नव्हती, मूलबाळ नव्हतं. त्याच्या हातचं भांडं गळत नाही, एवढं एकच बोलणं पंचक्रोशीत त्याचं म्हणून होतं, आणि ते तो शेताचा बांध राखावा तसं राखत होता.

जर्मनला तो हात लावत नसे. घरात तर ते येऊच देत नसे. त्याची बायको चांगुणा हिनं एक जर्मनचं पातेलं घेतलं होतं. पण ते ती शेजारणीकडं ठेवी आणि दूध तापवायला तिकडं जाई. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही, अशी तिची समजूत होती.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी आळीत एक बैलजोडी शिरली. तिच्यामागं बैलगाडी नव्हती, एक लोखंडी सांगाडा होता, दोन चाकांचा. त्यातल्या एका चाकाला टायर नव्हतं, तिथं बाभळीचा ओंडका बांधला होता आणि तो फरफटत येत होता. सांगाड्यावर काथ्यानं बांधलेली एक होडी होती. राखाडी, पोचे पडलेली, एका बाजूला फाटलेली. आळीतली माणसं ओट्यांवर येऊन बघू लागली, कारण आळीत होडी कुणी कधी पाहिली नव्हती.

बैलांपुढं गहिनीनाथ भोई होता आणि मागून चाकाला आधार देत त्याची बायको लंकाबाई. मुळा नदीच्या डोहांमध्ये जाळी टाकून या घराच्या पिढ्या गेल्या होत्या. नदी होती तोवर वाळक्या भोपळ्यांचा तराफा पुरे होई. आता नदीचं धरण झालं होतं. पाणी या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत गेलं होतं आणि वारा सुटला की त्याच्यावर लाटा उठत. तराफ्यावरून खोल पाण्यात जाणं म्हणजे जिवावर उदार होणं. वस्तीतली दोन घरं जाळी गुंडाळून ऊसतोडीला निघून गेली होती. गहिनीनाथच्या घरचंही तेच बोलणं चाललं होतं.

ही होडी धरणावरच्या एका साहेबाची. काम चालू असताना तो सुट्टीच्या दिवशी जीपमागं हा गाडा जोडून होडी पाण्यापर्यंत नेई आणि गळ टाकून बसे. साहेबाची बदली झाली. होडी गोदामामागं उपडी पडली, तिच्यावर शेळ्या बसू लागल्या, एकदा तर दगड वाहणारी गाडी मागं येता येता तिच्यावर चढली. शेवटी भंगाराचा लिलाव झाला. गहिनीनाथनं होडी मागितली आणि दुसऱ्या कुणी तोंड उघडलं नाही.

"काय हाय हे?" रंगनाथनं ओट्यावरूनच विचारलं.

"होडी हाय, तांबटमामा," गहिनीनाथ म्हणाला.

"ते मला दिसतंय. कशाची हाय?"

गहिनीनाथ घुटमळला. "जर्मनची."

"मंग सरळ फुडं जा. बाजारात जर्मनवाले बसल्यात."

"ते इकत्यात, मामा. ठोकाय कुनाला येतंय?"

"मलाबी येत न्हाई," रंगनाथ म्हणाला आणि त्यानं हातातली घागर फिरवून घेतली.

तेव्हा लंकाबाई पुढं आली. उंच, सावळी, पदर खोचलेली. हा माणूस ओठ बघून ऐकतो हे तिच्या लगेच ध्यानात आलं, म्हणून ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली.

"मामा, तुमच्या हातचं भांडं गळतं, असं कुनी म्हन्लंय का कवा?"

"कुनाची छाती हाय?"

"मंग हेबी भांडंच हाय की. तुमी पानी आत ठेवायचं भांडं करता, आमाला पानी भाईर ठेवायचं पायजे. येवढाच फरक. का भाईरलं पानी तुमाला जमत न्हाई?"

ओट्यांवरची माणसं हसली. रंगनाथ हसला नाही. त्यानं घागर खाली ठेवली, खाली उतरला, होडीभोवती फिरला आणि बोटाच्या पेरानं तिच्या अंगावर टकटक केलं. आवाज बसका आला. नाक शिंकरायला बाजूला जावं तसा तो जरा दूर गेला आणि तिथून मोठ्यानं म्हणाला, "सोडून जा. बैलं न्या."

गाडा त्यानं कमरुद्दीनकडं पाठवला. नगर रस्त्यावर कमरुद्दीनचं टायरचं आणि वेल्डिंगचं दुकान होतं. दोघं एका शाळेतून एकाच वर्षी पळालेले.

"काय रंगनाथभाऊ, तुम्ही आणि जर्मन?" कमरुद्दीन म्हणाला. "आज सूर्य धरणाच्या अंगानं उगवला वाटतं."

"तू गाड्याचं बघ. सूर्याचं मी बघतो."

कमरुद्दीननं गाडा उलटा केला, गंज खरवडला, तुटलेले सांधे जोडले. जीपला अडकवायचा दांडा कापून तिथं बैलांच्या जुवाला बसेल असा लांब दांडा लावला. होडी सरकावी म्हणून आडवे बाभळीचे रूळ घातले. नगरच्या लष्करी भंगारातून एक चाक आणलं. ते दुसऱ्याहून थोडं मोठं निघालं. गाडा एका बाजूला कलून उभा राहू लागला.

"हा असा का उभाय? तंबाखू मळतोय का?" रंगनाथनं विचारलं.

"पाण्यात नेऊन सोडायचंय त्याला, भाऊ. वरातीत नाही न्यायचंय."

इकडं होडीचं काम सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी रंगनाथनं तांबट करील तीच चूक केली. तांबं ठोकून कडक झालं की ते भट्टीत घालून लाल करायचं, मग ते पुन्हा मऊ पडतं. ठिगळासाठी घेतलेला जर्मनचा पत्रा त्यानं तसाच भट्टीत धरला आणि लाल व्हायची वाट बघत बसला. पत्रा लाल झालाच नाही. होता तसा पांढरा राहिला आणि एकाएकी मधोमध खचून थेंबाथेंबानं निखाऱ्यांत गळून गेला. चिमट्यात नुसती कड उरली.

"ह्याला लाज न्हाई," रंगनाथ चांगुणाला म्हणाला. "तापल्यालं तोंडावर दाखवतच न्हाई."

पण हरणं त्याच्या अंगात नव्हतं. त्यानं पत्र्याचे तुकडे करून पुन्हा पुन्हा तापवले. शेवटी त्याला खूण सापडली. तापत्या पत्र्यावर सुक्या काडीनं रेघ ओढायची. रेघ काळी उमटली की पत्रा मऊ झाला, बाहेर काढायचा. त्यानंतर काम सरळ झालं. लाकडी ठोकणीनं त्यानं आतून एकेक पोचा बाहेर काढला. हातोड्याच्या खालून तो राखाडी पत्रा हळूहळू असा उजळत गेला, की रंगनाथ मधेच थांबून हाताच्या पालथ्या बाजूनं त्याला स्पर्श करून बघे. तांब्यासारखी त्याला ऊब नव्हती. पण तो हातोड्याचं ऐकत होता, मुकाट्यानं, आणि ऐकणाऱ्या धातूवर रंगनाथचा राग फार दिवस टिकत नसे.

प्रश्न आला रिबिटांचा. होडीचे पत्रे एकमेकांना रिबिटांनी जोडलेले होते, म्हणजे आरपार घालून दोन्हीकडून डोकं ठोकलेल्या खिळ्यांनी. साहेबाच्या होडीतली बरीचशी जर्मनची रिबिटं निखळली होती, काही शाबूत होती.

कमरुद्दीन गाडा घेऊन आला होता. तो म्हणाला, "जर्मनचीच घाला की. जशाला तसं."

"जर्मननं जर्मन धरायचं? लोन्यानं लोनी बांधल्यासारखं?" रंगनाथ म्हणाला. "माझ्या आज्यानं बंबांना बसवलेली तांब्याची रिबिटं अजून हलली न्हाईत."

जुन्या बंबाचं जाड तांबं कापून त्यानं रिबिटं घडवली. निखळलेल्या प्रत्येक जागी तांब्याचं रिबिट बसलं, ठिगळाच्या कडेनं डांबरात भिजवलेली सुती पट्टी आणि वरून तांब्याची ओळ. शाबूत होती ती जुनी रिबिटं त्यानं तशीच ठेवली. मग गाड्यावरच होडी काठोकाठ पाण्यानं भरली, खाली राख पसरली आणि तो जेवायला गेला. अर्धी आळी राखेभोवती उकिडवी बसून होती. तो परत आला तेव्हा राख कोरडी होती.

धरणावर लंकाबाईनं नारळ फोडला, होडीच्या टोकाला हळदकुंकू लावलं. दोघं नवराबायको होडीत बसून पाण्यात गेली. उन्हात तांब्याची रिबिटं लांबूनसुद्धा चमकत होती. वस्तीतली म्हातारी माणसं म्हणाली की राजालाही असली होडी नसेल. रंगनाथला पोहता येत नव्हतं आणि पाण्याची त्याला भीती होती, म्हणून तो काठापासून चांगला लांब उभा राहून बघत होता. त्या पावसाळ्यानंतर भोयांचं ते घर सावरलं. मरळ, वांब, रोहू घेऊन लंकाबाई राहुरीच्या बाजारात बसू लागली. ऊसतोडीचं बोलणं बंद झालं.

पुढल्या वर्षी पाऊस झाला नाही. माणसं खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली, गुरं छावणीत गेली. धरणाचं पाणी मागं मागं सरकू लागलं आणि वस्ती जिथल्या तिथं राहिली. मधे भेगाळलेला गाळ. तो कललेला गाडा रोज होडी घेऊन पाण्याच्या मागं जाई आणि संध्याकाळी परत येई. पाणी आटलं तशी मासळी एका जागी दाटली होती. त्या साली ज्यांच्याकडं होडी होती ते उपाशी राहिले नाहीत.

अशात एक दिवस गहिनीनाथ एकटाच आळीत आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला.

"मामा, चूक झाली. होडी कुटंतरी दगडाला लागली माझ्या हातनं. पानी शिरतंय."

"लागली म्हंजी? तुला कळलं न्हाई?"

"न्हाई कळलं. पर तुमच्या हातचं भांडं आपसूक कसं गळंल?"

रंगनाथला हे उत्तर आवडलं. तो गहिनीनाथला पुष्कळ बोलला, भोयाला हातात काय धरायला द्यावं आणि काय देऊ नये तेही सुनावलं, मग हत्यारं घेऊन त्याच्याबरोबर धरणावर गेला. रिबिटं थोडी सैल वाटली. त्यानं ती पुन्हा ठोकून घट्ट केली आणि परत आला. होडी काही दिवस ठीक चालली. मग आधीपेक्षा जास्त गळू लागली.

या वेळी लंकाबाई आली, गाड्यावर होडी घालून, बैल स्वतः हाकीत.

"मामा, एक तर माझ्या नवऱ्याचा हात फुटका हाय, न्हाई तर तुमचा. ठरवा बरं."

"त्याला नीट चालवाय येत न्हाई."

"दगड नसल्याल्या जागीबी तो काठीनं चाचपत जातोय आता. खोल पान्यात जाईना. मी डब्यानं पानी उपसती आन तो रडतोय. वस्तीतली त्याला तांबटफोड्या म्हनत्यात." तिनं बैल सोडले. "परवा मधोमध गेल्तो तवा पानी घोट्यापतुर आलं. आमाला पवता येतं, त्याचं काय न्हाई. पर होडी गेली तर आमी कुटं जायचं ते तुमी सांगा. खडी फोडाय? का ऊस तोडाय?"

 ती गेल्यावर रंगनाथनं खाली राख पसरली आणि होडीत पाणी भरलं. या वेळी तो जेवायला गेला नाही. राखेवर ठिपके उमटताना तो बघत बसला. ठिपके दगडाला लागल्यासारखे एका जागी नव्हते. ओळीनं होते, टाक्यांसारखे. प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर वर तांब्याचं एक रिबिट होतं.

त्यानं पाणी काढून टाकलं आणि होडी उपडी केली. एका रिबिटाभोवती नखानं खरवडलं. पांढरी भुकटी निघाली, चुन्यासारखी. दुसऱ्याभोवतीही तीच. रिबिट स्वतः धडधाकट होतं, आज्याच्या बंबातल्यासारखं; पण त्याच्याभोवतीचा पत्रा खाल्ला गेला होता आणि भोक मोठं झालं होतं. त्याच ओळीत साहेबाच्या वेळचं एक जर्मनचं रिबिट होतं. त्याच्याभोवती काही नव्हतं. त्यानं पुढलं जुनं रिबिट शोधलं. तेही स्वच्छ. संध्याकाळपर्यंत तो होडीवर वाकून एकेक रिबिट बघत होता, आणि एकाही ठिकाणी त्याला वेगळं काही सापडलं नाही.

तरी त्याचं मन मानेना. तांब्यात आंबट ठेवलं तर ते विखारतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठीच तर कल्हई. पण साधं पाणी! तांब्याच्या घागरीतलं पाणी माणसं औषध म्हणून पितात. ते तांबं शेजारच्याला असं खाईल?

"तुझं ते जर्मनचं पातेलं आन," तो चांगुणाला म्हणाला.

"कुटलं पातेलं?"

"शेजारी ठेवल्यालं. दूध तापवायचं."

चांगुणानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "कवापासनं ठाऊक हाय?"

"पयल्यापासनं. दुधाला चव येती त्याची."

"मंग बोलला का न्हाई?"

"चव वाईट न्हाई," रंगनाथ म्हणाला.

पातेल्याला त्यानं दोन भोकं पाडली. एकात तांब्याचं रिबिट ठोकलं, दुसऱ्यात जर्मनचं. लवकर कळावं म्हणून पाण्यात मूठभर मीठ टाकलं आणि पातेलं कोनाड्यात ठेवून दिलं. रोज सकाळी तो आधी कोनाड्यापाशी जाई, मग तोंड धुवी. आठवडाभरात तांब्याभोवती पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं. बोट लावलं तर खाली पत्रा खडबडीत लागला, देवी आलेल्या गालासारखा. जर्मनच्या रिबिटापाशी बोट गुळगुळीत फिरलं.

"पातेलं गेलं माझं," चांगुणा म्हणाली.

"व्हय. गेलं."

ही गोष्ट आता जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यातल्या एकीला पातेल्याचंच दुःख होतं. रंगनाथ गप्प बसला असता तर कुणी त्याला विचारणार नव्हतं. दोष अंगावर घ्यायला गहिनीनाथ तयारच होता. त्यानं तो घेतलाही होता. नवी रिबिटं घालून होडी परत दिली असती तर तांबटमामानं भोयाची चूक दुसऱ्यांदा निस्तरली, असंच सगळ्यांनी म्हटलं असतं. रंगनाथ त्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून होता. समोर अर्धी झालेली घागर होती, पण तिच्यावर ठोका पडला नाही, आणि आळीत इतकी शांतता पसरली की समोरचा जर्मनवाला उठून बघायला आला, म्हातारा बरा आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो कमरुद्दीनकडं गेला.

"जर्मनची जाड तार पायजे. रिबिटं करायचीत."

कमरुद्दीननं चष्मा वर केला. "मी काय म्हणालो होतो?"

"म्हन्ला हुतास."

कमरुद्दीनला आणखी बरंच म्हणायचं होतं, पण एवढ्या सरळ उत्तरानं त्याची पंचाईत झाली. तो मागं गेला आणि वादळात पडलेल्या खांबावरच्या विजेच्या तारेचं एक वेटोळं घेऊन आला. "घ्या. जर्मनच आहे. करंट नाही त्यात, घाबरू नका."

रंगनाथनं होडी गाड्यावर घातली, बैल मागवले आणि हत्यारं, भाता, तार घेऊन तो सरळ भोयांच्या वस्तीवर गेला. काम घरीच करता आलं असतं. पण त्यानं वस्तीच्या मधोमध, लिंबाखाली होडी उपडी केली. माणसं जमली. गहिनीनाथ मागं उभा होता, बायकोच्या खांद्याआड.

"ऐका," रंगनाथ म्हणाला. तो नेहमीच मोठ्यानं बोले, त्यामुळं पार शेवटच्या झोपडीपर्यंत ऐकू गेलं. "गहिनीनाथनं होडी दगडाला लावली न्हाई. माझ्या तांब्यानं ती खाल्ली. तांब्याचं आन जर्मनचं पान्यात पटत न्हाई. मला ठाऊक नव्हतं."

 भोई वाकून रिबिटं बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, "पर तांबं तर चांगलं असतंय."

"चांगलं हाय. हितं न्हाई."

लंकाबाई पुढं आली. "म्हंजी हात तुमचा फुटका निघाला."

"व्हय, माझाच."

"मंग माझ्या नवऱ्याला दोनदा शिव्या घातल्या त्याचं काय?"

"एकदाच घातल्या," रंगनाथ म्हणाला. "दुसऱ्यांदा तू आली हुतीस."

सगळ्यांत आधी गहिनीनाथ हसला. मग वस्तीही हसली आणि काम सुरू झालं.

तांब्याची रिबिटं डोकं छाटून बाहेर काढायची, कुजलेला पत्रा कापायचा, मोठं ठिगळ लावायचं, तारेचे तुकडे मऊ करून ठोकायचे. दिवस मोडले त्यात. गहिनीनाथ आतून ऐरणीचा लोखंडी गोळा धरी, रंगनाथ बाहेरून ठोके घाली. जर्मनच्या रिबिटाचं डोकं फार जोरानं ठोकलं तर चपटं होऊन फाटे, हळू ठोकलं तर बसत नसे. आयुष्यभर जो जोर त्यानं खांद्यात साठवला होता तो इथं उपयोगाचा नव्हता. त्याला नव्यानं ठोकायला शिकावं लागलं, आणि पहिले काही दिवस त्यानं जितकी बसवली त्याहून जास्त रिबिटं वाया घालवली. लंकाबाई भाकरी आणून ठेवी आणि म्हणे, "मामा, तार संपायच्या आत शिका."

काढलेली तांब्याची रिबिटं त्यानं पिशवीत भरली आणि पुढं वितळवून कुठल्याशा घागरीच्या तांब्यात मिसळून टाकली.

होडी पुरी झाली. राखेची परीक्षा झाली; राख कोरडी राहिली. पण मागच्या वेळीही ती कोरडीच होती, हे रंगनाथ विसरला नव्हता, आणि लंकाबाईही विसरली नव्हती.

गाडा होडीला घेऊन भेगाळलेल्या गाळावरून पाण्यापर्यंत गेला. होडी रुळांवरून सरकली आणि तरंगली. गहिनीनाथ आत चढला. रंगनाथ नेहमीसारखा लांब थांबला होता.

"मामा, या," लंकाबाई म्हणाली.

"मी कशाला?"

"तिथनं राख दिसत न्हाई, पानीबी दिसत न्हाई. आत बसून बगा."

"मला पवाय येत न्हाई."

"मंग तर तुमचं ध्यान बरूबर ऱ्हाईल."

तिनं त्याचा हात धरला आणि त्याला गुडघाभर पाण्यातून होडीत चढवलं. तो मधल्या फळीवर बसला, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. होडी हलली तशी त्यानं डोळे मिटले. मग उघडले आणि खाली, आपल्या पायांशी लावले. एक ठिगळ त्याच्या डाव्या पावलाखाली होतं, एक उजव्या. त्यानं पावलं बाजूला घेतली. रिबिटांची ओळ त्याच्या समोरून होडीच्या टोकापर्यंत गेली होती, पांढऱ्यावर पांढरी, जवळून बघितल्याशिवाय दिसू नये अशी. तो एकेक रिबिट बघत होता. गहिनीनाथनं वल्ही मारली, काठ मागं पडला, वल्ह्यांचा आवाज खोल झाला, आणि रंगनाथचे डोळे होडीच्या तळावरून हलले नाहीत. कुठं चकाकलं की तो वाकून बोट लावी. कोरडं. पुढं सरकून पुन्हा बोट लावी. कोरडं.

गहिनीनाथ आता काठीनं चाचपत नव्हता. सरळ धरणाच्या मधल्या, जुन्या नदीच्या खोल पट्ट्यात गेला आणि जाळं सोडलं. बराच वेळ जाळं पाण्यात राहू दिलं. मग दोघांनी मिळून जाळं ओढलं आणि ओल्या जाळ्याचा ढीग होडीत येऊन पडला. रंगनाथच्या पायांखालून पाण्याची एक धार सळसळत गेली.

"पानी!" तो ओरडला आणि अर्धा उठला. होडी डगमगली.

"जाळ्यातलं हाय, मामा, जाळ्यातलं," लंकाबाईनं त्याला खांदा दाबून खाली बसवलं. ती हसत होती. जाळ्यात एक मोठी रोहू उड्या मारत होती. "भाईरलं पानी भाईरच हाय. आता तरी वर बगा की."

त्यानं वर बघितलं. चारही बाजूंनी पाणी होतं, दुष्काळातही इतकं. डोंगरांच्या सावल्या त्याच्यात उतरल्या होत्या. वाऱ्यानं त्याच्यावर बारीक बारीक खळगे उठत होते, अगदी सारखे, शेजारी शेजारी, जसे नीट ठोकलेल्या घागरीच्या अंगावर उठतात. रंगनाथ ते बघत राहिला. मग त्यानं एक हात कडेवरून सोडला, रोहूवर पडलेलं जाळं उचललं आणि ते कसं सोडवायचं असतं, असं गहिनीनाथला विचारलं.